केस विंचरताना किती अडचण येते?

(अमरावतीतल्या एका फिजिओथेरपी कॉलेजातली तपासणीची खोली. खांदेदुखीवरच्या अभ्यासात काम करणारी विद्यार्थिनी अवनी प्रश्न विचारते आहे. समोर चांदूर बाजारकडच्या फुलवाल्या माणिकबाई. दाराजवळच्या खुर्चीत त्यांचे यजमान किसनराव, मांडीवर पिशवी.)

अवनी : म्हणजे यालाही शून्यच लिहू?

माणिकबाई : लिहा ना, शून्यच.

अवनी : मावशी, शून्य म्हणजे काहीच अडचण नाही. दहा म्हणजे करताच येत नाही. परत वाचते. ‘केस विंचरताना किती अडचण येते?’

माणिकबाई : अडचन नाही येत. पाहा ना, वेनी घातलेली आहे.

अवनी : दिसते आहे. चांगली चापूनचोपून घातली आहे. बरं, पुढचा. ‘कोट अंगात घालताना?’

माणिकबाई : कोट?

किसनराव : कोट म्या लग्नात घातला होता, म्याडम. तोबी साळ्याचा मांगून आनला होता.

अवनी : हे प्रश्न परदेशातून आलेत, काकाजी. कोटाच्या जागी पोलकं धरायची मुभा आहे आम्हाला. पोलकं घालताना, मावशी?

माणिकबाई : शून्य.

अवनी : ‘पाठ धुताना?’

माणिकबाई : शून्य.

अवनी : ‘उंच फळीवरची वस्तू काढताना?’

माणिकबाई : डबे खालीच ठेवले आता. शून्य.

अवनी : आता ठेवले? आधी कुठं असायचे?

किसनराव : म्याडम, इचारलं तेवढ्याचं उत्तर भेटलं ना तुमाले? आमची बस आहे.

अवनी : झालंच, काकाजी. ‘दुखऱ्या कुशीवर झोपताना?’

माणिकबाई : ते दहा लिहा. सारी रात तळमळते मी. या आंगावर वळलं की कोनी सुरी खुपसल्यावानी होते.

अवनी : झोपेला दहा, आणि बाकी सगळ्याला शून्य?

माणिकबाई : झोप तं माझी मलेच घ्या लागते ना, बाई.

अवनी : आणि बाकीचं कोण करतं?

किसनराव : कोनी नाही. तिचं ती करते. लिहा तुमी.

अवनी : काकाजी, मी लिहायला लिहीन. पण मघाशी यांचा हात मोजला तेव्हा तो खांद्याच्या वर गेलाच नाही. सोनोग्राफीत खांद्याचा स्नायू अर्धा फाटलेला दिसतो. अशा हातानं वेणी घालणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

माणिकबाई : झेंडूचं पोतं होतं. टेम्पोतून मी वढून राहिली होती, तं ते अडकलं अन् हिसका बसला. दिवाळीच्या बाजारातली गोष्ट. आता पुढचा दसरा येऊन राहिला.

अवनी : तेव्हापासून इलाज काय केला?

माणिकबाई : गोळ्या. खाल्ली की दोन घटका बरं, मंग पुन्हा तेच.

अवनी : म्हणूनच नीट ऐका दोघंही. या उत्तरांची बेरीज होते. ती ठरलेल्या आकड्याच्या खाली राहिली तर मला मावशींना अभ्यासात घेता येत नाही. कागद म्हणतो, यांचं काही अडत नाही, गोळ्या लिहून द्या आणि घरी पाठवा. स्नायू तसाच राहिला तर पुढं आणखी फाटू शकतो. मग हा हात वर जाईल याची खात्री कोणी देणार नाही. आणि नवीन माणसं घ्यायचं शनिवारी बंद होतंय.

किसनराव : घेतलं तरी तुमच्या इथं चिठ्ठी टाकून इलाज ठरते म्हने. लिलाव आहे का हा?

अवनी : चिठ्ठी निघते, खरं आहे. एका गटाला इंजेक्शन आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता व्यायाम. कशानं जास्त गुण येतो ते अजून कोणालाच पक्कं ठाऊक नाही, म्हणून तर अभ्यास. आम्ही आपल्या मनानं वाटणी केली तर ओळखीच्या माणसाला झुकतं माप जाईल. पण कोणतीही चिठ्ठी निघो, दर आठवड्याला खांदा मी स्वतः बघणार.

किसनराव : तुमी पुन्याच्या का?

अवनी : अकोल्याची. प्रश्न तेवढे छापलेत तसेच वाचावे लागतात.

किसनराव : अकोल्याच्या असून असं बोलता?

अवनी : घरी नाही बोलत. मावशी, एक विचारू? हे कागदावर नाही. वेणीच्या टोकाला हा पांढरा दोरा आहे ना, त्याची गाठ हाराला असते तशी आहे.

माणिकबाई : असन.

अवनी : ती दोन हातांनी मारलेली आहे. मानेच्या मागं.

किसनराव : उठ वं. चाल. बस सुटन.

माणिकबाई : बसा तुमी.

किसनराव : उठ म्हनलं ना.

माणिकबाई : बसा. मी तुमचं काही सांगतलं नाही. शून्य शून्यच म्हनून राहिली मघापासून. अजून काय करू?

अवनी : काकाजी, बसा ना जी जरा. कोनी नाही इथं. दार लावू का?

माणिकबाई : दार नोको लावू, पोरी. दारानंच तं सारा घोळ केला.

किसनराव : माणिक.

माणिकबाई : आता हसू येते मले, मी काय करू? शेजारच्या पार्बताबाईनं एक दिवस खिडकीतून पायलं, तं साऱ्या आळीत झालं. चंद्रभान भाऊजी पारावर म्हने, आमचा दादा बायकोची वेनी घालते, उद्या लुगडं नेसन. चार लोकं हासले. त्या दिवसापासून हे सकाळी दार लावून घेते. मंग दिवसाढवळ्या दार काहून लावते म्हनून आळीतल्या बाया भलतंच समजल्या. सुनेची मान वर होईना लाजंनं.

किसनराव : झालं सांगून?

माणिकबाई : झालं.

अवनी : मग मी आता काय लिहू?

किसनराव : मीच सांगतो. लिहा. वेनी मी घालतो. पोलक्याचे हूक मी लावतो. पाठ मी चोळून देतो. डबे फळीवरून म्याच खाली मांडले. टोपली डोक्यावर चढवाले अन् उतरवाले मी संग जातो बाजारात, म्हनून वावरात मजूर सांगा लागते. झालं समाधान?

अवनी : काकाजी, तुमचं उत्तर मला लिहिता येत नाही. त्यांनीच सांगायला हवं.

किसनराव : आता हे काय नवीन?

अवनी : खांदा त्यांचा आहे ना.

किसनराव : सांग वं मंग.

माणिकबाई : तुमीच म्हनलं होतं, बाहेर शब्द काढू नोको.

किसनराव : म्या म्हनलं होतं. आता मीच म्हनतो, सांग. पारावरचे चार लोकं हासले तं हासले. तू रात्री बसून राहते भिताडाले टेकून, मले काय दिसत नाही? मी डोळे लावून पडून राहतो. उठून करू काय, समजत नाही.

माणिकबाई : जागे असता तुमी?

किसनराव : सांग तिले. उशीर होऊन राहिला.

अवनी : मी सगळे प्रश्न पहिल्यापासून वाचते. दुसऱ्यांदा विचारले असं वर लिहून ठेवते, आमच्या सरांनाही सांगते. स्वतःच्या हातानं, कोणाची मदत न घेता. ‘केस विंचरताना किती अडचण येते?’

माणिकबाई : दहा.

अवनी : ‘पोलकं घालताना?’

माणिकबाई : नऊ. एक बाही जाते.

अवनी : ‘पाठ धुताना?’

माणिकबाई : दहा लिहा. वरचा डबाबी दहा. झोपेचं सांगतलं.

अवनी : बेरीज पुरेशी झाली, बसलात तुम्ही अभ्यासात. सोमवारी या, चिठ्ठी निघेल. रिकाम्या पोटी यायची गरज नाही, जेवून या.

किसनराव : दसऱ्याच्या बाजाराले हात चालन का?

अवनी : नाही चालणार, काकाजी. खोटं सांगत नाही. तीन महिने तरी लागतील, आणि तोवर डोक्यावर टोपली अजिबात नाही. आता शेवटचं. हात सुधारला की स्वतः करायच्या तीन गोष्टी सांगा, मावशी. पुढं दर वेळी त्याच विचारणार आम्ही.

माणिकबाई : टोपली. आपली आपन उतरवायची.

अवनी : दुसरं?

माणिकबाई : या कुशीवर झोपायचं.

अवनी : आणि तिसरं वेणी. लिहिते.

माणिकबाई : ते नोका लिहू.

अवनी : का? दहा सांगितलेत ना त्याला.

माणिकबाई : दुसरं काही लिहा. पापड लिहा, पोलकं लिहा. पोरी, नातू झाला आमाले, पन यांचा हात कधी माझ्या डोक्यावरून फिरला नव्हता. केसातला गुत्ता सोडवताना मायसारखा हळू लागते. माझा हात चालाले लागला तं हे कायले फनी हातात घेतीन?

किसनराव : लिहा म्याडम, वेनीच लिहा. तिचा हात होऊ द्या चांगला. फनी काही मी देत नाही तिले.