न हलणारं कपाट

"सुतारांचा जमाना संपला, मिस्त्री!"

सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या वायसरसाठी रांगेत उभ्या असलेल्या विष्णुपंतांनी कान टवकारले. बोलत होते पुढचे निवृत्त सुभेदार सयाजीराव, आणि त्यांच्याही पुढे उभे होते म्हातारे सुतार भैरू मिस्त्री.

"संपू द्या की. झालं काय?"

"कपाट केलं, स्वतः! खाच न्हाई, खाचेत बसवायचं कुसू न्हाई. फळीला तिरकं भोक पाडायचं, स्क्रू पिळायचा, खलास. मोबाईलवर शिकलो."

"लय भारी. हलत न्हाई न्हवं?"

"हत्तीनं लोटलं तरी हलणार न्हाई!"

"मग आज दुकानात काय काढलं?"

"हलतच न्हाई, मिस्त्री."

"बरं हाय की."

"पलंगावरनं हलत न्हाई. वाकायला नको म्हणून गादी काढून पलंगावरच आडवं टाकून जोडलं."

"स्क्रू केवढा घेतला?"

"मोठा. मजबुतीला."

"म्हंजे फळीतनं आरपार पलंगात गेला."

"बावीस गेले."

"उलटे फिरवा की."

"भोकांवर डिंक लावून बुचं ठोकली. व्हिडिओत तसंच होतं."

"पलंग कुठला?"

"हिच्या माहेरचा. तुमच्याच वडलांनी केलेला."

"आन् वहिनी?"

"वाईला गेलीय. पाचच्या गाडीनं येतीय."

मिस्त्रींनी दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

"चला. हत्यारांची पेटी घेतो."

"आवं, पेटी नको! सुतार लागत न्हाई म्हणून गल्लीभर सांगून बसलोय. बुचं उकरायला पटाशी तेवढी भाजीच्या पिशवीतनं आणा. वर मेथीची जुडी ठेवा."