लाल शेवटी

...अन वरून मलेच म्हणते, "रव्या, तुले टीव्ही लावता येत नाही!" आता बोला! त्यायच्या ओसरीच्या भिंतीत छेदं पाडले म्या, टीव्ही टांगला म्या, इंटरनेट माह्या मोबाइलचं, अन मारोत आबा साऱ्या गावासमोर मलेच... हसू नका, तुमाले अजून पुरं माहीत नाही.

मारोत आबा म्हणजे आमच्या आसेगावचं चालतंबोलतं विलायत. जवानीत कापसाच्या गिरणीचं काम शिकायले सरकारनं त्यायले इंग्लंडले धाडलं होतं. गाव लंडन नव्हतंच, दुसरंच कोणतं तरी होतं, पण आसेगावाहून पाहाल तं सारं लंडनच! बहात्तरचा दुष्काळ, इकडे माझा आजा रेशनवरच्या अमेरिकन लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळून राह्यला होता अन तिकडे हे म्हणे रंगीत टीव्ही पाहून राह्यले होते. रंगीत! मंग जलमभर तेच. चहा पेला, "लंडनात असं नव्हतं." बस उशिरा आली, "लंडनात असं नव्हतं." पंचफुला आजीनं, म्हणजे त्यायच्या बायकोनं, ठेचा वाटला तरी लंडनात असं नव्हतं! अरे, लंडनात ठेचा होता तरी का?

बरं, बोलू द्या म्हाताऱ्याले, तोंडाले काय घरपट्टी लागते? पण या माणसानं आमच्या कॅरममध्ये लंडन घुसवलं! तिकडच्या टीव्हीवर त्यायनं एक खेळ पाह्यला होता. खाटेहून मोठा टेबल, त्याच्यावर हिरवं कापड, अन लांब काठीनं गोळ्या ढकलून भोकात पाडायच्या. आबा सांगे, "पंधरा गोळ्या काळ्या, त्या भुरट्या. लाल एकच! सगळ्यात भारी. अन ती पाडायची सगळ्यात शेवटी." झालं! पारावर कॅरमले तोच कायदा. साऱ्या जगात लाल राणी मधात घेता येते, मांगून कव्हर दिलं का झालं. आसेगावात? लाल शेवटी!

मी त्या कायद्यानं मेलेला माणूस आहो. यंदाच्या कॅरम स्पर्धेची सेमी फायनल, मी अन सेवालाल. राणी दोन गोट्यायच्या मधात फसलेली. म्या पलीकडच्या फळीले आदळून स्ट्रायकर असा वापस आणला... राणी आत! मांगून कव्हर आत! पोट्टे नाचले! अन पंच कोण? आबा. डोळे अर्धे मिटून म्हणे, "फाउल."

"काहून?"

"लाल शेवटी."

"कोण्या पुस्तकात लिवलं, आबा?"

"पुस्तक सोडून आलेल्यानं पुस्तक विचारू नाही."

साऱ्या पारानं दात काढले. पॉलिटेक्निक म्या अर्ध्यात सोडलं, कबूल. पण त्याच्यात राणीचा काय गुन्हा?

म्हणून तुमाले सांगतो, जवा त्यायच्या नातवानं, प्रज्वलनं, पुण्याहून एवढा मोठा टीव्ही धाडला अन आबा म्हणे, "रव्या, माह्या टायमाचं लंडन लावून दे," तवा मी पयले नाहीच म्हणणार होतो. मंग टाळक्यात उजेड पडला. तो काठीचा खेळ सापडला तं? पाहू ना सगळ्यायसमोर, लाल कवा पडते! आधी पडली तं माही सेमी फायनल परत, फायनल तं अजून व्हायचीच होती!

अन सापडलं! कोण्या इंग्रजानं इंटरनेटवर त्या काळच्या संध्याकाळचे कार्यक्रम एकामांगं एक जोडून ठेवले होते. शनिवारी सांजच्याले अंगणात सतरंज्या टाकल्या, म्हातारे पुढं खुर्च्यायवर. टीव्हीले हार घातला, नारळ फोडला, शेजारच्या हिरीबाईनं हळदीकुंकू लावलं ते काचेच्या बरोब्बर मधात. तेबी मलेच पुसा लागलं.

पयले एक कोटवाला नकाशावर पुठ्ठ्याचे ढग चिटकवत आला. म्हाताऱ्यायमधून देवमन मामा म्हणे, "पाणी सांगून राह्यला का?" आबा म्हणे, "हौ." "पडलं का मंग?" "लंडनात रोजच पडते." सारे म्हातारे एकदम "अरारारा..." करून हळहळले. मंग एक जण टाय बांधून गुलाबाच्या फांद्या छाटून राह्यला. टाय बांधून! मंग एक नवरा-बायको सोफ्यावर बसून भांडले, अन न दिसणारे लोकं खदाखदा हसले. ते हसले का आबा हसत, आबा हसले का सारे म्हातारे हसत. एकाले जरी शब्द समजला असन तं मी मिशी काढतो!

अन मंग आला तो हिरवा टेबल.

आबा सरसावले. "पाहा आता. काळ्या पंधरा..."

लाल! ढीगभर लाल! त्या बुवानं काठी मारली अन पयल्याच फटक्यात लाल भोकात! मंग दुसरी लाल! मंग तिसरी! मी सतरंजीवर उभा. देवमन मामा हळूच म्हणे, "मारोतराव, लाल तं ढेर आहेत." अन सरत सरत टेबलावर एकच उरली... काळी! लाल नाही हो, काळी!

आबानं चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला.

"रव्या, टीव्हीचा रंग बिघडला. लावता येत नाही तुले. लंडनात असं नव्हतं."

अन देवमन मामासकट साऱ्या म्हाताऱ्यायनं माना हालवल्या! असा राग आला, रिमोट घेतला, खेळ पयल्यापासून लावला अन रंग कमी करत करत पार शून्यावर नेला. घ्या! हिरवा गेला, लाल गेला, सारं राखेसारखं. अन टेबलावर दिसल्या त्या... पंधरा काळ्या गोळ्या.

आबा खुर्चीच्या टोकावर आले. "हां... हे. अस्संच होतं. तिकडची घरमालकीण आत बसे, मी दारात उभा राहून पाहो..."

तवा समजलं. रंगीत टीव्ही या माणसानं पाह्यलाच नव्हता! दारातून जे दिसलं ते काळं-पांढरं, अन शेवटची भारी गोळी लाल असन, हे त्यायनं कॅरमवरून आपल्या मनानंच ठरवलं!

म्या तोंड उघडलंच होतं, तं पंचफुला आजीनं हातात चहाचा कप कोंबला. "राहू दे, बापू. लंडनातून आणलं तरी काय त्यायनं? एक कोट अन हा एक खेळ. कोट तं कसरीनं खाल्ला."

मंग काय, पेलो चहा.

फायनल झाली. सेवालाल जिंकला, लाल शेवटी पाडून. अन तो टीव्ही अजून काळा-पांढराच आहे, कोणी हात लावत नाही. काल माझा बाप तिथं क्रिकेट पाहाले बसला, म्हणे, "रव्या, दोन्ही टीमा सारख्याच दिसून राह्यल्या, रंग टाक ना बे!" रिमोट माह्याच हातात. आबानं चष्म्यावरून माह्याकडे पाह्यलं. अन तुमाले सांगतो, माह्याच तोंडातून निघालं...

"बाबा, लंडनात असं नव्हतं!"