मौनीची सिरियल कुणी काढली नाय

— नाय, पण उडणारा कशाला घेतला तुमी? एवढे हिरो पडलेत कॉमिक्समधी, आन तुमच्या सायबांना गगनभद्रच सापडला? बसा, बसा त्या स्टुलावर, तो गठ्ठा सरकवा खाली — मशीनवर नाय होणार हे हिरोच्या कपड्याचं, हातानंच घालते टाके. ताणणारं कापड हाय. साधी शिलाई मारली की हिरोनं हात वर केला आन गेली तटकन. काखेतच गेलंय बघा. आन पाठीला ही भोकं — तारेच्या आकड्यांची ना? तानसा धरणाच्या भिंतीपाशी लटकवला असेल बिचाऱ्याला, उडतोय म्हणून. तार दिसणार, भाऊ. कितीपण करा, तार दिसते. चित्रात एकदा उडालेला काढला की उडाला, पुढच्या चौकटीत तो कुठं पोचला ते कोण विचारतंय? पण सिरियल म्हणजे दर आठवड्याला वर चढवा, दर आठवड्याला खाली उतरवा, आन बघणारा हिरोकडं बघतच नाय, तार शोधत बसतो. — मला काय कळतंय म्हणता? खरंय, मला नाय कळत. मी शहापूरच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवणारी बाई. हे माझं नाय, आमच्या मेघाचं बोलणं. तिचं आन तिच्या बापाचं. आमच्या घरात कित्येक वर्षं दुसरा विषयच नवता — कुठला हिरो टीव्हीवर शोभेल आन कुठला नाय. भाकरी टाकताना तेच, जेवताना तेच. भांडणं व्हायची. म्हणजे तोंडानं नाय, हातानं. मेघाला ऐकू येत नाय ना. जन्मापासून. पाळण्याजवळ पितळेची परात पडली, शेजारचे धाकलूभाऊ जेवणावरून उठून धावत आले, आन ही आपली पाय हलवत आढ्याकडं बघून हसतेय — तवा आमाला कळलं. अरे, तुमी नका तोंड पाडू. जुनी गोष्ट हाय. चांगली खमकी पोरगी हाय माझी.

महेंद्र, माझा नवरा, कसाऱ्याला रेल्वेत होता. तिथं लोकल संपते. माणसं उतरली की बाकांवर काय काय मागं उरतं — छत्री, डबा, लहान पोराचा एकच बूट — आन कॉमिक्स. पोरं वाचत येतात, उतरायच्या घाईत विसरतात. गाडी झाडणारी अंबूबाई होती, ती उचलून ह्याच्यासाठी बाजूला ठेवायची. कुणाला पहिलं पान नाय, कुणाला शेवट नाय, एकावर तर कुणीतरी केळ्याचं साल ठेवलेलं. पण आमच्याकडं आलं की सणच. मेघाला मांडीवर घ्यायचा, माणसाच्या डोक्यावर तो फुगा असतो ना, बोलण्याचा, त्यावर बोट ठेवायचा, मग त्या वस्तूवर बोट ठेवायचा. फुग्यात पानी — हा बघ तांब्या. फुग्यात आग — ही बघ चूल. अशी वाचायला शिकली पोर. शाळेनं नाय शिकवली, त्या फुग्यांनी शिकवली. आन शेवट नसला की महेंद्र उठून शेवट करून दाखवायचा. माझी गोधडी खांद्याला बांधून, सुपाची ढाल करून. रोज वेगळा शेवट. ती टाळ्या वाजवायची, आवाज बिवाज काय माहीत नाय तिला, पण हात लाल होईस्तोवर वाजवायची.

आता तिची समजूत काय झाली — बोलणं म्हणजे डोक्यावरचा फुगा. मग खडू घ्यायची आन मी जिथं बसले असेन तिथं माझ्या डोक्यावर भिंतीला फुगा काढायची. आत लिहायची. कॉमिक्स सगळी हिंदी, त्यामुळं पोरीची पहिली भाषा हिंदी! मी आपली चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, आन माझ्या डोक्यावर लिहिलेलं — ठहरो, दुष्ट! सासू आली होती धसईहून, तिला वाचता येत नवतं ते बरं, तिच्या डोक्यावर पण लिहून ठेवलेलं. हसा, हसा. मी पण हसायची. नंतर भिंत सारवायला जीव नाय व्हायचा माझा.

मग धाकलूभाऊंकडं टीव्ही आला. रविवारी कसली तरी हिरोची सिरियल लागायची, सगळी आळी त्यांच्या पडवीत. मेघाला सगळ्यात पुढं बसवली. ती बघतेय, बघतेय, आन हळूहळू तिची मान वर जायला लागली. हिरो बोलतोय आन ही त्याच्या डोक्याच्या वर बघतेय. फुगा येईल म्हणून. उठली, जाऊन काचेवर हात फिरवला वरच्या बाजूला, पुसलं की दिसेल असं वाटलं असेल. पोरं खेकसली, सरक गो, बस गो खाली — तिला काय ऐकू येणार? कुणीतरी हाताला धरून ओढली. अशी रडली ती त्या दिवशी! तिला वाटलं, सगळ्यांना फुगा दिसतोय, आपल्यालाच नाय दिसत.

पुढच्या रविवारी महेंद्रची ड्युटी होती. बदलून घेतली. गेला आन टीव्हीच्या बाजूला उभा राहिला, आन त्यातली माणसं जे जे बोलतील ते सगळं हातानं, तोंडानं, अख्ख्या अंगानं करून दाखवायला लागला. राक्षस हसला की हा हसतोय, म्हातारी रडली की हा रडतोय, घोडा आला की घोडा. मला आधी लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पोरं पण ओरडली, काका बाजूला व्हा, काका दिसत नाय. मग हळूहळू गप्प झाली. मी मागून बघितलं, तर टीव्ही बघतच नवतं कुणी. सगळी महेंद्रकडं बघत होती. धाकलूभाऊंनी स्वतः उठून आवाज बंद केला. तुमी टीव्हीवाले आहात, तुमाला सांगते, तसली सिरियल मी परत नाय बघितली.

तेव्हापासून हे दोघांचं सुरू झालं. कोण शोभेल? गगनभद्र नाय, तारेमुळं. महाकाय म्हणून एक होता, डोंगराएवढा — त्याला खेळण्यातली घरं लागणार, मेघा बोलली, घरं खोटी दिसली की माणूस पण खोटा दिसतो. लोखंडी अंगाचा एक होता, त्याला पत्रा घालणार आन तो खुडखुड वाजणार, हे महेंद्रचं. पाताळसिंग जमिनीतून जातो, म्हणजे सगळी सिरियल अंधारात. एकच उरायचा दर वेळी. मौनी. तुमी नाय वाचलाय? कुणीच नाय वाचलाय. दोन-तीनच निघाली असतील त्याची, त्यातलं एक आमच्याकडं, तेपण अर्धं. त्याला ना उडता येत, ना आग ओकता येत. तोंडावर फडकं आन दोन हात. डोक्यावर फुगाच नाय त्याच्या! एकदापण नाय. गावातली माणसं बोलतात, भांडतात, त्याला हाका मारतात, आन तो बोटानं दाखवतो, धरून नेतो, ओझं उचलतो. मेघा बोलली, हा टीव्हीवर काढा, मला सगळा कळेल. — काय? डायलॉगशिवाय हिरो कोण बघणार? हेच महेंद्र पण बोलायचा तिला, हिरोवाल्यांना डायलॉग लागतो गो बाय. तर ती काय करायची माहिताय? दोन बोटं ओठांवर ठेवायची, मग ती बोटं त्याच्या छातीला लावायची. तूच हो. तू हो मौनी.

दोरा संपला बघा. हा काळा चालेल? तुमचा निळा हाय, पण आतल्या बाजूला नाय दिसणार.

कावीळ झाली महेंद्रला. अंगावर काढली, कामावर जात राहिला, आन मग ठाण्याला नेईस्तोवर उशीर झाला. अंबूबाई आली होती भेटायला, कसाऱ्याहून, हातात कॉमिक्सचा जुडगा. तिला दुसरं काय आणावं सुचलं नाय. मेघानं सगळी वाचली. शेवट नसलेलं एक माझ्यापुढं धरलं. मी उठले, भाऊ. गोधडी बांधली, हात पसरले, दोन उड्या मारल्या. पण मला नाय जमत ते. ती हसली, चांगली हसली, आन मग पुस्तक मिटून पेटीत ठेवलं.

मग मुंबईला शाळेत घातली, अशा मुलांच्या. तिथंच राहायची. मास्तर लोक बोलले, घरी हातवारे करू नका, तोंडानं बोलायची सवय लागू दे. बरोबर असेल त्यांचं. पण मुली काय ऐकतात? त्यांचं आपापसात हातांचंच चालायचं. सुट्टीत मैत्रिणीला घेऊन आली, आन दोघींचे हात — अहो, काय ते हात! भातावरून पाखरं उठतात ना, तसे. मला आपलं काय येत होतं? जेव, ये, झोप, पाणी, गगनभद्र, मौनी. एवढंच. ती माझ्याशी बोलायची तेव्हा हळू करायची हात. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण पाय हळू करतो ना, तसं.

लग्न झालं, मुलगा पण तसाच, वाल्मिक नाव, अंबरनाथला छापखान्यात हाय. गुणी हाय. विहारात लावलं. त्यांचे सगळे मित्र आलेले, सगळे तसलेच, आन एवढी मजा चाललेली — आवाज नाय, पण हसून हसून वाकलेत, एकमेकांना थापा मारतायत. आन माझ्याकडं बघून जो तो असं करतोय — असं, सुईतून दोरा ओढल्यासारखं. मला वाटलं, कुणाचं तरी फाटलंय. पिशवीतून सुई-दोरा काढला आन विचारत फिरले, कुणाचं, कुणाचं? मग मेघानं हात धरला, स्वतःकडं बोट केलं, माझ्याकडं केलं, परत तसंच दोरा ओढला. तवा उजेड पडला. ते माझं नाव होतं. सोनूबाई नाय, ते. मला माझं नावच ठाऊक नवतं, आन तिथं वाढप्यालापण ठाऊक होतं.

त्यांच्या घरी जाते अधूनमधून. तुमाला वाटेल शांत घर. छे! भांडी आदळतात, दार आपटतं, त्यांना काय कळतंय. संध्याकाळी टीव्ही लावतात, आवाज शून्यावर, आन त्यातली माणसं काय बोलतात ते मेघा आपल्या मनानं लावते, हातानं. वाल्मिक हसून लोळतो. मी बाजूला बसते. मी आवाज लावू शकते, त्यांना काय फरक पडणार नाय. पण नाय लावत. बसते नुसती. कधी कधी वाटतं उठावं, आन — काय नाय. हात दुखतो जरा, ताणणारं कापड ओढून धरावं लागतं.

इथं कोण बोलायला म्हणता? येतात ना गिऱ्हाईकं. तुमी नाय आलात? मी सारखी बोलते, सवय हाय, ऐकणारं नसलं तरी बोलायची सवय. रात्री मशीनला कापड घालते ना, तेव्हा पण बोलते.

आता मुलगी झालीय तिला. पिंकी. मागच्या खेपेला गेले, तिला पालथं निजवलेलं चटईवर, ती दोघं स्वयंपाकघरात. मी आपली सहज बोलले, गो बाय, काय करतेस? — आन तिनं मान वळवली. माझ्याकडं. मी गेले खिडकीपाशी, तिथून बोलले, तर तिकडं वळवली. दाराआड गेले. तर दाराकडं. एवढीशी मान, थरथरतेय, पण वळतेय. त्या घरात मी बोलले आन कुणी वळून बघितलं असं कधी... थांबा, सुई बोचली. काय नाय, रक्त नाय आलं, तुमच्या हिरोला नाय लागलं.

मग निघताना वाल्मिकनं मला थांबवलं. मेघाला नाय सांगायला लावलं, स्वतः आला. हळूहळू, एकेक करून दाखवलं त्यानं. पोरीचा कान. माझं तोंड. त्यांच्या घरातली जमीन, हात गालाला लावून झोप. मग परत पोरीचा कान. आन मग हात जोडून नुसता उभा राहिला. मला सगळं कळलं. इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा एकपण शब्द चुकला नाय माझा.

काय उत्तर दिलं? यस्टी पकडली आन आले. का म्हणजे? हे दुकान हाय, भिंती हायत, महेंद्रनं ठोकलेली ती खुंटी हाय. आन तिकडं सगळा दिवस ती दोघं हातानं बोलणार आन मी मधी बसणार, वय झालं, आता कुठं शिकू मी ते सगळं — आन पोरगी पण मोठी होईल, तिला दोन्ही येईल, ती आईशी हातानं बोलेल आन मला तोंडानं सांगेल, आये, ती असं म्हणतेय. माझ्यासाठी थांबेल ती. कंटाळेल. नाय का? — तुमी काय बोलणार, खरंय. तुमी काखेचं शिवायला आलात.

झालं. घ्या, ओढून बघा. जोरात ओढा. नाय तुटत. त्याला सांगा, उजवा हात जरा जपून. आन परत उसवलं तर इकडं नका पाठवू. मुरबाडला द्या कुणाला तरी. नाय, सोमवारपासून इथं कुलूप असेल. — होय, सोमवारीच. आत्ताच ठरलं, तुमी समोर बसला होतात तेव्हा.

राहू द्या, काय नाय द्यायचं. गाडीवाला केव्हाचा हॉर्न वाजवतोय, तुमाला ऐकू नाय येत? जा. जा आता, मला आवरायचंय.