इलेक्ट्रॉनचं वर्तुळ

कोपनहेगनच्या बसथांब्यावर राग्नहिल्डच्या मागे एक बाप आणि त्याची शाळकरी लेक भांडत होते. राग्नहिल्डने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

“रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत नापास! अणूचं साधं चित्र, आस्टा! मधे केंद्रक, भोवती वर्तुळं, वर्तुळांवर इलेक्ट्रॉन.”

“वर्तुळं नसतातच, बाबा! इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने फिरत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. म्हणून मी पेन्सिलीने धुकं काढलं. मधे दाट, कडेला विरळ.”

“म्हणजे मी वाटाणे मांडून शिकवलं ते खोटं?”

“तेव्हा मी आठ वर्षांची होते! आणि तू काही परीक्षक नाहीस. त्याला तरी माहीत हवं ना!”

“आवाज खाली. मग त्याला समजावून सांगायचंस.”

“सांगितलं की! तर म्हणाला, वडील काय करतात?”

“त्याचा काय संबंध?”

“नळदुरुस्ती, म्हटलं. तर हसला. म्हणाला, नळवाल्याच्या पोरीने वर्तुळं काढावीत, एवढं डोकं चालवू नये.”

“असं म्हणाला?”

“सगळ्यांसमोर.”

“अजून शाळेत असेल तो?”

“चारपर्यंत असतो. बाबा, बस आली.”

“जाऊ दे तिला. ते चित्र आण इकडे.”

“तू भांडणार आहेस त्याच्याशी?”

“हो. पण आधी मला नीट सांग, हे धुकं मधेच दाट का असतं. त्याच्यासमोर मला अडखळायचं नाहीये.”