नंदूने निवडलेली चाचणी

नंदूचा संशय आला तो त्याच्या आनंदामुळेच. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवतो, मी संख्याशास्त्र. परवा कॅन्टीनमध्ये येऊन म्हणाला, "नव्या पावडरीने आंब्याची कलमं कमी मरतात. काय-स्क्वेअर चाचणीने सिद्ध झालं! माझे काका आता त्यांच्या अख्ख्या बागेला पावडर घालतायत."

मी विचारलं, "मेली किती?"

"पावडरीची आणि बिनपावडरीची मिळून मोजकीच."

"मग काय-स्क्वेअरवर भरवसा कसा ठेवतोस? इतक्या थोड्या आकड्यांना फिशरची चाचणी लावतात. ती लावलीस?"

तो चहा ढवळत बसला. साखर तर त्याने कधीच सोडलीय.

"लावलेली," शेवटी म्हणाला. "त्यात फरक सिद्ध होत नाही."

"म्हणून हवं ते उत्तर देणारी दुसरी निवडलीस?"

त्याने चमचा बशीत ठेवला.

"अरे, काकांची बाग आहे. आत्ताच्या आत्ता फोन कर."

बिचाऱ्याने केला. "काका, पावडर थांबवा. अजून जास्त कलमांवर बघायला हवं."

काका इतक्या जोरात ओरडले, की मलाही ऐकू आलं. "काल होय नि आज नाय? कोणी पढवलंन रे तुला?"

नंदूने शांतपणे फोन माझ्या हातात दिला.