हत्तीगवत

आळेफाट्याच्या स्टँडवर अश्विनी जुन्नरच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर खूप दिवसांनी भेटलेले दोन म्हातारे बोलत बसले होते.

"गोरखभाऊ, ते हत्तीगवत कंपनीनं नेलं का?"

"कुठलं काय, पावणं! गाड्यांचा गॅस करणार व्हते त्याचा. आता फोनबी उचलत न्हाईत."

"मग कापून गुरांना घालायचं."

"डोक्याच्या वर गेलंय. बिबट्या बसलाय त्यात. कोण कापणार?"

"तसंच ठिवणार?"

"आमची म्हातारी गेली व्हती. शेळीपुरती पेंढी आणते म्हणाली."

"मग?"

"विळा तेवढा घावला."

अश्विनीनं मोबाईल खाली ठेवला.

"आरं देवा, गोरखभाऊ! पेटवून द्या ना ते सगळं!"

"डिझेल वतून बघितलं, पावणं. हिरवंगार हाय. पेटतच न्हाई."