मी काढलेला बाण

पुरवणी जबाब
दि. ४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११.२० वा.

माझे नाव ज्योतीराम रंगराव मुळूक, वय ५६ वर्षे, धंदा नोकरी (पंप जोडणी विभागात सुपरवायझर), राहणार चऱ्होली, मूळ राहणार ता. पाटोदा, जि. बीड.

कोणी बोलावले नसताना ठाण्यात हजर होऊन मी सांगतो की, काल दुपारी याच टेबलावर मी एक जबाब दिला आहे. त्यात मी म्हटले होते की, आमच्या कंपनीतील इलेक्ट्रिशियन रोहिदास शिंगोटे, वय २६, याने माझ्यावरच्या रागातून पंपाची मोटर मुद्दाम उलटी जोडली, त्यामुळे तेलाचा पाइप फुटला आणि सफाई कामगार कस्तुराबाई तापकीर, वय ५८, यांचा तेलावरून पाय घसरून डावा हात मोडला. यातले पाइप फुटला आणि हात मोडला एवढे खरे आहे. राग आणि मुद्दाम हे दोन शब्द मी पदरचे घातले. रोहिदास आज सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसलेला आहे. त्याला सोमवारी कायम नोकरीचे पत्र मिळायचे आहे. पोलिसांत नाव गेले तर पत्र मिळणार नाही, असे आमचे मालक सुरेंद्र साहेब यांनी काल माझ्यासमोर सांगितले. ते ऐकून मी मान डोलावली होती.

मी चाकण एमआयडीसीतील निमिष पंप्स या कंपनीत बावीस वर्षे गिअर पंप जोडतो. मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी दहावीला दोनदा बसलो होतो, हे त्यांना माहीत नाही.

आपण विचारल्यावरून गिअर पंपाची माहिती देतो ती अशी. लोखंडी पेटीत दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरतात. मोटर एकालाच फिरवते, दुसरे त्याच्यामुळे फिरते. तेल दोन चाकांच्या मधून जाते असे प्रत्येक नव्या माणसाला वाटते, पण तसे नाही. दात एकमेकांतून सुटतात त्या बाजूला जागा होते आणि तेल ओढले जाते. मग ते दातांच्या खाचांत बसून पेटीच्या भिंतीलगत बाहेरून फेरी मारते. पलीकडे दात पुन्हा एकमेकांत बसतात, तेलाला परतायला जागा उरत नाही, म्हणून ते पुढे ढकलले जाते. पुढची वाट बंद असली तरी हा पंप ढकलतच राहतो, काहीतरी फुटेपर्यंत. त्यासाठी पुढच्या बाजूला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. पंप उलटा फिरला की मागची बाजू पुढची होते आणि व्हॉल्व्ह भलतीकडेच राहतो. म्हणून फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पंपावर असतो. हे व्याख्यान मी आजवर चारशे तरी पोरांना दिले आहे. त्यांच्यापैकी एकानेही कधी पंप उलटा फिरवलेला नाही.

बुधवारी, दि. १ रोजी, खंडेनवमीनिमित्त कंपनीत यंत्रांची पूजा होती. खालच्या ड्रममधून वरच्या टाकीत तेल चढवणाऱ्या आमच्या पंपाची मोटर रिवाइंडिंगला गेली होती. पूजेला यंत्र चकाचक दिसले पाहिजे असा माझा दरवर्षीचा हट्ट असतो. पेंटरचा हात बरा नाही म्हणून मी त्याला हाकलले आणि पंप स्वतः रंगवला. खड्डे दिसू नयेत म्हणून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, त्यावर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. या नादात पंपावर ओतीव बाण होता तो बुजला. मग मी पिवळ्या रंगाने नवा बाण काढला. पंप घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, पण मोटरीच्या बाजूने पाहिले तर. मी उभा होतो समोर, म्हणजे मोटरीच्या विरुद्ध बाजूला, जिथे हार घालायचा आणि कुंकू लावायचे तिथे, कारण देवासमोर माणूस समोरच उभा राहतो. त्यामुळे बाण उलटा निघाला. त्याला मी शेपटीकडे पिसेही काढली. फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला. एकतीस जणांनी अंगठे दिले.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला मोटर परत आली. रोहिदासने ती जोडून क्षणभर वीज देऊन पाहिली. तेव्हा ती बरोबर फिरत होती. तो माझ्याकडे आला. मी चहा पीत होतो. तो म्हणाला, "मास्तर, मोटर बाणाच्या उलटी फिरतेय. पण मला बाणच उलटा वाटतोय राव. जरा बघता का?"

मी म्हणालो, "बाण मी काढलाय. तू गप वायरी बदल."

आदल्या आठवड्यात त्याने नव्या पोरांसमोर माझी मापातली एक चूक दाखवली होती. चूक माझीच होती आणि म्हणूनच ती मला जास्त झोंबली होती. त्याने दोन वायरींची अदलाबदल केली, म्हणजे मोटरीची दिशा उलटली. पंप माझ्यापासून वीस पावलांवर होता. मी उठून पाहिले नाही.

दहा चाळीसला पंप सुरू केला. वरच्या टाकीतले तेल उलटे खाली ढकलले जाऊ लागले. ड्रममधल्या पाइपच्या तोंडाशी तेल वर येऊ देणारी, पण परत न जाऊ देणारी झडप आहे. ती बंद झाली. पंप ढकलत राहिला आणि पाइप फुटला. सगळ्यात जवळ मी होतो. माझ्या डोळ्यांत तेल गेले. कस्तुराबाई माझे तोंड पुसायला फडके घेऊन धावत आल्या आणि पडल्या.

दवाखान्यातून खबर मिळाल्यावर आपण आलात आणि मोटर कोणी जोडली असे विचारलेत. मी म्हणालो, रोहिदासने. इथपर्यंत खरे होते. तिथे मला थांबता आले असते.

आज सकाळी नऊला मी शहाळे घेऊन दवाखान्यात गेलो. कस्तुराबाई म्हणाल्या, "मास्तर, त्यो बाण तुमीच काढला व्हता न्हवं? रंगाचा डबा मीच धरला व्हता."

मी म्हणालो, "व्हय, मावशी."

"मंग पोरगं का बसलंय ठाण्यात?"

त्यांनी शहाळे घेतले नाही. ते मी तिथेच ठेवून इकडे आलो. मला स्वतःची फार लाज वाटते. हे वाक्य जबाबात बसत नसेल तरी लिहावे, अशी विनंती आहे.

रोहिदास शिंगोटे याच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. सुरेंद्र साहेबांनाही हे सगळे फोनवर कळवले आहे. ते काय करतील ते मला मान्य आहे.

हा मजकूर तो लिहून घेणाऱ्या हवालदार अपेक्षा मॅडम यांनी माझ्या विनंतीवरून रोहिदासला आत बोलावून त्याच्यासमोर मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर रोहिदास म्हणाला, "मॅडम, थोडी चूक माझी पण लिहा. बाण उलटा वाटत असताना मी वायरी बदलायला नको होत्या. सगळं मास्तरांवर नको." मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की, तसे लिहू नये. माझ्या जबाबात चूक माझी एकट्याची आहे, आणि मी सांगितली तशीच ती लिहिलेली आहे.

जबाब देणाऱ्याची सही
ज्योतीराम रंगराव मुळूक